टेम्प-तीन नावाचं खातं

माझं काम काय, असं लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी ‘कंप्युटरचं’ एवढंच सांगतो आणि वाढप्याला हाक मारतो. पुढं सांगायला गेलं की समोरच्याला जांभया यायला लागतात. पण आज सांगणार आहे. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही, आणि पुढचं मला एकदा सांगून मोकळं व्हायचं आहे. काही वर्षं झाली, ते मनात ठसठसत राहिलं आहे.

नवलाख उंबरे गावाला लागून जी औद्योगिक वसाहत आहे, तिथं आमची कंपनी. गाड्यांचे सुटे भाग बनवतो. मी लोणावळ्याहून कंपनीच्या बसनं जायचो, अजूनही जातो. मी लागलो तेव्हा संगणकांचा कारभार असा होता की काय विचारता. सगळ्या मशीनवर एकच युजर आणि एकच पासवर्ड: कंपनीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. तो पासवर्ड चहावाल्यालासुद्धा पाठ होता. फाईल उडाली तर कुणी उडवली हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. एकदा सुट्ट्यांची यादी गायब झाली आणि तिच्या जागी एक लग्नपत्रिका निघाली. नवरदेवाला धरलं, तर तो म्हणाला, मी नाही ठेवली, पण या मात्र. आम्ही गेलो, जेवलो, आणि यादी काही सापडली नाही.

म्हणून मग डिरेक्टरी बसवायची ठरली. सोप्या भाषेत सांगायचं तर एक सर्व्हर आणि त्या सर्व्हरवर कंपनीतल्या सगळ्या माणसांची आणि सगळ्या संगणकांची एकच यादी. प्रत्येक माणसाचं त्या यादीत एक खातं. कुठल्याही संगणकावर बसा, आपलं नाव आणि आपला पासवर्ड टाका. सर्व्हर यादीत बघतो, हा कोण, कुठल्या विभागातला, याला कुठली फाईल दाखवायची आणि कुठली नाही. आणि कोण किती वाजता आला, काय नोंद केली, ते नावानिशी लिहून ठेवतो. यादीत नसाल तर तुम्ही कुणीही असा, दार उघडत नाही.

आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सलग चार गुरुवार मी रिकाम्या कंपनीत एकेका टेबलाखाली गुडघे टेकत प्रत्येक संगणक त्या यादीत आणला. बायको कुरकुरायची, पण मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. पडद्यावर विभागांचं झाड उभं राहायचं, त्याला फांद्या, फांदीवर माणसं. पर्सोनेलच्या, म्हणजे नोकरभरती बघणाऱ्या साहेबांनी कायम कामगारांची यादी दिली होती, तीवरून मी एकेक नाव चढवत होतो. चौथ्या गुरुवारी शेवटचं नाव चढलं तेव्हा मी स्वतःलाच म्हणालो, आता या कंपनीत असा एक माणूस नाही जो मला ठाऊक नाही. केवढा तो शहाणपणा माझा.

आता स्टोअरबद्दल सांगतो. कच्चा माल, बोल्ट, सील, बेअरिंग, जे काही बाहेरून येतं ते आधी स्टोअरमध्ये येतं, मोजलं जातं, संगणकात चढतं आणि मग आत जातं. तिथं दोन माणसं होती. एक आबा, मुख्य स्टोअरकीपर. देहूरोडच्या लष्करी डेपोत उभा जन्म काढून निवृत्त झालेले आणि मग आमच्याकडे आलेले. शिस्तीचे एवढे की पेन्सिलसुद्धा रोज एकाच कोनात ठेवायचे. पण संगणकाशी त्यांचं वैर होतं. ‘अ’ कुठं आहे ते शोधायला त्यांना चष्मा दोनदा पुसावा लागायचा.

आणि दुसरी ती. सगळे तिला मावशी म्हणायचे, तिच्यापेक्षा वयानं मोठे होते तेसुद्धा, आणि मीही. उंबरे गावचीच. आमच्या कंपनीच्या गाड्या जिथं उभ्या राहतात, तिथं पूर्वी तिच्या सासरच्यांचं भाताचं खाचर होतं. ती झाडलोटीला म्हणून कंत्राटदारामार्फत आली. आबांचा त्रागा बघून आधी माल मोजायला लागली, मग कार्ड लिहायला, मग एका बोटानं संगणकावर, मग दोन बोटांनी. मी लागलो तोवर स्टोअरची प्रत्येक नोंद तीच करत होती. आबा गेटवर गाड्या बघायचे, सह्या करायचे. कुठला बोल्ट कुठल्या रॅकमध्ये, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. एकदा एका सीलसाठी अख्खी लाईन थांबली. संगणक म्हणत होता शिल्लक शून्य. मोठे साहेब, छोटे साहेब, सगळे स्टोअरमध्ये जमले. ती म्हणाली, “खिडकीखाली तिसऱ्या फळीवर बगा, चुकीच्या कोडानं आल्याला माल हाय, मी कालच सांगितलं व्हतं.” सील तिथंच होतं. शाबासकी आबांना मिळाली. आबांनी ती तिथल्या तिथं तिच्याकडे बोट दाखवून परत केली, पण साहेब तोवर वळले होते.

तिची एकच इच्छा होती आणि ती सगळ्या कंपनीला माहीत होती. तिला कायम व्हायचं होतं. कंत्राटदार दर वर्षा-दीड वर्षानं बदलायचा. नवा कंत्राटदार आला की नवं ओळखपत्र, नवा नंबर, नोकरीची तारीखही नवी. “इतकी वरसं हितंच हाय मी,” ती म्हणायची, “पर कागदावर दर वर्षी नवीच.” कायम कामगारांच्या शर्टाच्या खिशावर नाव शिवलेलं असायचं. कंत्राटी लोकांचा ॲप्रन करडा, त्यावर काही नसायचं. तिनं आपल्या ॲप्रनच्या कॉलरला आतून मार्करनं स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं. विचारलं तर म्हणायची, धुण्यात बदलतो म्हणून. मला ते पटायचं. आता नाही पटत.

तर चौथ्या गुरुवारनंतरचा शुक्रवार. सकाळी सगळ्या कंपनीत नवे पासवर्ड वाटायचे होते. बंद पाकिटं केली होती मी, वर प्रत्येकाचं नाव. स्टोअरमध्ये गेलो आणि आबांना पाकीट दिलं. ती बाजूला हात पुसत उभी होती. मग म्हणाली, “भाऊ, माजं?”

मी म्हटलं, “मावशी, यादी पर्सोनेलची आहे. कायमची माणसं फक्त.”

“आन मग काम कोन करनार?” तिनं अगदी साधेपणानं विचारलं. तक्रार म्हणून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

मी म्हटलं, बघतो. हा माझा आवडता शब्द आहे, बघतो.

इथंच घोडं पेंड खायला लागलं. पूर्वी सकाळी एकदा संगणक उघडला की दिवसभर ती काम करायची. आता मी नियम लावला होता की दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की पडदा बंद, पुन्हा पासवर्ड. माल मोजायला ती उठली की पडदा बंद. मग गेटपर्यंत जाऊन आबांना आणायचं. आबांनी येऊन चष्मा पुसायचा, एकेक अक्षर शोधायचं, आणि तोवर ती तोंड भिंतीकडे करून उभी. कारण पासवर्ड वाटताना मीच भाषण ठोकलं होतं: पासवर्ड म्हणजे चावी, ती कुणाला द्यायची नाही. बाकी कंपनीनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं. डेपोतल्या माणसानं मात्र मनावर घेतलं. “साहेबांचा हुकूम आहे,” आबा म्हणायचे, “तुझ्यावर अविश्वास नाही गं, पण हुकूम म्हणजे हुकूम.” तिसऱ्या दिवशी गेटबाहेर मालाच्या गाड्यांची रांग लागली आणि मला शिव्या पडल्या.

मी पर्सोनेलच्या साहेबांकडे गेलो. म्हटलं, स्टोअरमधल्या मावशींचं खातं काढायचं आहे, नाव आणि नंबर द्या. साहेबांनी दार लावून घेतलं. “तुला कळतं का काही?” ते म्हणाले. “कंत्राटदाराचा माणूस आपल्या यादीत नावानिशी आला, की उद्या तोच कागद घेऊन तो म्हणतो, मी तुमचाच. काहीतरी कर, काम चालू ठेव, पण नाव नको.”

मी काही भांडलो नाही. एकदा तरी म्हणायला पाहिजे होतं की साहेब, ती आपलीच आहे, याला कागद कशाला हवा. पण मी स्वतः नवा होतो, घराचे हप्ते चालू होते, आणि खरं सांगायचं तर मला गाड्यांची रांग हलवायची होती, बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. मी जागेवर येऊन एक खातं काढलं. चाचणीसाठी मी आधी टेम्प-एक आणि टेम्प-दोन अशी दोन खाती काढलेली होती. हे टेम्प-तीन. टेम्प म्हणजे टेम्पररी, तात्पुरतं.

आता जे सांगतो ते नीट ऐका. खातं काढताना पडद्यावर जी चौकट येते, तिच्यात नावाच्या खाली आणखी एक ओळ रिकामी असते. वर्णन म्हणून. हे खातं कशासाठी, कुणाकडे, असं काहीही तिथं लिहिता येतं. ती ओळ कुणी वाचत नाही. पर्सोनेलचे साहेब तर जन्मात तिथं पोचले नसते. तिथं मी तिचं नाव लिहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, ते खातं बिननावाचं ठरलं नसतं, आणि पुढचं काही घडलं नसतं. दहा-बारा अक्षरांचं काम. मी ती ओळ रिकामी ठेवून पुढचं बटण दाबलं.

चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला, तेव्हा ती चिठ्ठी उलटीसुलटी करून बघत म्हणाली, “ह्यात माजं नाव न्हाई.”

“नाव कशाला हवंय, मावशी,” मी म्हटलं. “काम चालल्याशी मतलब.”

“व्हय,” ती म्हणाली. “ते बी खरं.” आणि बसून गाड्या मोकळ्या करायला लागली.

तीन वर्षं ती टेम्प-तीन होती. स्टोअरच्या प्रत्येक पावतीवर, ‘नोंद करणार’ या शब्दापुढं टेम्प-तीन छापून यायचं. लाईनवरची पोरं चिडवायची, काय टेम्प-तीनबाई, आज बेअरिंग मिळणार का. ती म्हणायची, मिळंल, पर आदी टेम्प-चार कोन त्ये सांगा. एव्हाना ती माझ्यापेक्षा भराभर टाईप करायची. महिन्याला पासवर्ड बदलायचा नियम होता. कंपनीत निम्मे लोक विसरून माझ्याकडे यायचे, ती एकदाही आली नाही. मधल्या काळात आबा खरोखरचे निवृत्त झाले आणि देहूरोडला घरी बसले. त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही. वर्षभर स्टोअर तिनं एकटीनं चालवलं. आबांची खुर्ची रिकामीच होती, पण मावशी तिच्यावर बसायची नाही, शेजारी प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून त्यावर बसायची.

मग एका मोठ्या ग्राहकाचे तपासनीस आले. कंपनीत दोन दिवस फिरले आणि कागदावर एक ओळ लिहून गेले: नाव नसलेली खाती वापरात आहेत, ती बंद करा. माझ्या डिरेक्टरीवर बोट! पुढच्याच गुरुवारी मी जाऊन बसलो आणि टेम्प-एकपासून, एव्हाना वाढत गेलेल्या टेम्प-अकरापर्यंत सगळी खाती निवडून एका दमात पुसली. नुसती बंद करता आली असती. बंद केलेलं खातं पुन्हा उघडता येतं, निदान त्याची पाटी तरी राहते. पण अहवालात ‘शून्य’ दिसावं अशी मला हौस. पुसलेलं खातं परत आणायची एक सोय असते, ती सुरुवातीलाच चालू करावी लागते, आणि ते माझं ‘बघतो’मध्ये राहून गेलं होतं. शुक्रवारी तिला सांगितलं की आता कागदावर लिहा, शेजारच्या विभागातले एकजण टाईप करतील. ती म्हणाली, “बरं. कुटंवर?” मी म्हटलं, थोडे दिवस.

आणि थोड्याच दिवसांत ती बातमी आली. प्लँटच्या मुख्य बाई नवीन आल्या होत्या, सरळ होत्या. त्यांनी ठरवलं की आबांच्या जागी आता माणूस घ्यायचा, आणि बाहेरून आणण्यापेक्षा आतल्या कुणाला संधी द्यायची, कंत्राटी असला तरी. अट एकच: किमान तीन वर्षं स्टोअरचं काम संगणकावर केल्याचा पुरावा. सांगोवांगी नको, सिस्टीममधला हवा. सगळी कंपनी म्हणाली, मग यात विचारायचं काय. ती स्वतः माझ्या टेबलापाशी आली. मी तिला त्याआधी कधी तशी बघितली नव्हती. ॲप्रन धुवून इस्त्री केलेला. “भाऊ,” ती म्हणाली, “मी बाईसायबास्नी सांगितलं, भाऊकडं समदं लिवल्यालं हाय. एकूनएक.”

मी म्हटलं, हो, आहे ना.

आणि अहवाल काढायला बसलो. तीन वर्षांच्या नोंदी होत्या, एकही गेली नव्हती. पण ‘नोंद करणार’ या शब्दापुढं टेम्प-तीन नव्हतं. तिथं एक आकडा होता. लांबलचक, मध्ये रेघा असलेला, प्रत्येक ओळीत तोच. मी खुर्चीत मागं टेकलो. मला ठाऊक होतं ते काय आहे, माझाच तर धंदा. सर्व्हर माणसाला नावानं ओळखतच नाही. खातं काढलं की आत तो एक आकडा देतो, नाव ही नुसती बाहेरची पाटी. खातं पुसलं की पाटी जाते, आकडा तेवढा राहतो. तो पुन्हा कुणालाही मिळत नाही आणि कुणाचा होता तेही सांगत नाही. तीन वर्षं रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं तिचं काम तिथं होतं, आणि ते कुणाचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या केबिनमध्ये बोलावलं. बाई, पर्सोनेलचे साहेब आणि मी. ती दाराशी उभी. बसा असं तिला कुणी म्हटलं नाही, मीही नाही. मी छापलेला कागद टेबलावर ठेवला. बाईंनी बघितला. “हा आकडा कुणाचा?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं की पुसलेल्या एका तात्पुरत्या खात्याचा. “आणि ते खातं या वापरत होत्या?” मी मान हलवली, अशी की हो म्हणायचं तर हो आणि नाही म्हणायचं तर नाही.

बाई म्हणाल्या, “ठीक आहे. यंत्रातून निघत नसेल तर तुम्ही लिहून द्या. हे खातं याच वापरत होत्या, एवढी एक ओळ, तुमच्या सहीनं. पुढचं मी करते.”

साहेब खाकरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. माझ्या डोक्यात सगळं भराभर फिरलं. सही केली की पुढचा प्रश्न येणार, नाव नसलेलं खातं काढलंच कुणी. कुणाच्या सांगण्यावरून. तपासणी झाल्यावर ते पुसलं कुणी, आणि का. साहेब म्हणणार मी कुठं सांगितलं. म्हणजे सगळं माझ्या गळ्यात. हे एवढं सगळं मला त्या चार क्षणांत सुचलं. ती दाराशी उभी आहे, हे तेवढं सुचलं नाही.

मी म्हणालो, “पासवर्ड आणखी कुणाला माहीत असू शकतो. खात्रीनं सांगता येणार नाही.”

“भाऊ,” ती म्हणाली, “पासवर्ड तुमीच दिल्ता की मला.”

मी लॅपटॉपकडे बघत राहिलो. बाईंनी थोडा वेळ वाट बघितली, खरंच बघितली. मग कागद माझ्याकडे सरकवला. साहेब म्हणाले, “पुराव्याशिवाय कसं करणार, मॅडम. आणि मावशी, तुम्हीही स्वतःच्या नावाचं खातं मागून घ्यायचं होतं ना.” शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. खाली गेटवर गाडीचा हॉर्न वाजला. ती म्हणाली, “माल आलाय,” आणि गेली. गाडी मोजून घेतली, कागदावर लिहिली आणि टाईप करायला पाठवून दिली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल तुझा नाईलाज होता. तिनं भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुला फक्त हो म्हणायचं होतं.” त्यावर मी तिच्यावर चिडलो. जेवतानाही बडबडत राहिलो, नियम, तपासणी, जबाबदारी. कातडीबचाऊ माणूस लय बोलतो.

आबांच्या जागी डिप्लोमावाला मुलगा आला. भला होता, त्याचा काही दोष नाही. तिनंच त्याला रॅक दाखवले. पुढच्या खेपेला कंत्राटदार बदलला तेव्हा नव्या यादीत ती नव्हती. कुणी काढलं असंही नाही, नुसती घेतली नाही. निरोप समारंभ कायमच्या माणसांचा असतो, तेव्हा तोही नाही. मी त्या दिवशी सर्व्हरच्या खोलीत काम काढून बसलो होतो. काही काम नव्हतं. आबांना मी पुष्कळ दिवसांनी फोन केला, उगीच ख्यालीखुशाली म्हणून, आणि बोलता बोलता सांगितलं. मग आबा म्हणाले, “मला का नाही बोलावलंस? पुढच्या लोकलनं आलो असतो. लिहून दिलं असतं, शिक्क्यासकट.” मला त्यांना बोलवायचं सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. आबा आले असते तर मी पुसलं हेही निघालं असतं.

हे सगळं मी विसरलो असतो, माणूस विसरतोच. पण तो आकडा विसरू देत नाही. स्टोअरच्या फोल्डरचे हक्क कुणाकुणाला आहेत ती यादी उघडली की सगळ्यांच्या नावांखाली तो बसलेला असतो. मधे सर्व्हर बदलला, सगळं नव्यावर नेलं, तर तोही बरोबर आला. नियमाप्रमाणे असे बेवारस आकडे काढून टाकायचे असतात. दोन-चारदा बाण तिथपर्यंत नेला आणि परत आणला. तिला तिथून दुसऱ्यांदा पुसायचा मला धीर होत नाही.

गेल्या महिन्यात आमच्याच लोणावळ्यात, तुंगार्लीला, तलावाच्या वरच्या अंगाला, एका बंगल्यात गेलो होतो. मालक ओळखीतले, मुंबईला असतात, बंगला शनिवार-रविवार पाहुण्यांना देतात. वायफाय नीट चालत नव्हतं, सांगितलं म्हणून गेलो. खोल्यांची व्यवस्था बघणारी बाई चहा घेऊन आली, आणि ती तीच होती. केस पांढरे झालेले, बाकी तशीच. मी उठून उभा राहिलो. तिनं कप ठेवला आणि म्हणाली, “बसा, भाऊ. तुमी हितं व्हय.” आवाजात काही नव्हतं, राग नाही, काही नाही.

ती सांगत होती, काम बरं आहे, मालक बरे आहेत. “दर शनवारी नवी मान्सं. समद्यांची मी मावशी.” मग अचानक विचारलं, “ते टेम्प-तीन हाय का अजून?”

मी खरं सांगितलं. खातं नाही, पण आत त्याचा आकडा आहे. तुम्ही केलेल्या नोंदी सगळ्या आहेत, त्यावरूनच अजून माल शोधतात. तिनं मान डोलावली. मला वाटलं आता बोललो नाही तर पुन्हा जमायचं नाही. म्हणालो, “मावशी, तेव्हा माझं चुकलं. मी सही करायला पाहिजे होती.”

ती टेबलावरचं फडकं उचलत होती. “व्हय,” ती म्हणाली. “पायजे व्हती.”

जाऊ दे, असं काहीतरी ती म्हणेल म्हणून मी थांबलो होतो. ती म्हणाली नाही. मीच मग घाईघाईनं बोलायला लागलो की मी हे लिहिणार आहे, सगळं, माझ्यासकट, पर्सोनेलच्या साहेबांसकट. तुमचं नाव घालतो, पूर्ण, वडिलांच्या नि आडनावासकट. लोकांना कळू दे की ते काम कुणी केलं.

तिनं फडकं झटकलं आणि घडी घातली. “तवा लिवायचं व्हतं, भाऊ,” ती म्हणाली. “आता नगं.” आणि चहा निवतोय, असं म्हणून आत गेली.

म्हणून इथं तिचं नाव नाही. तिचं नाही, मग बाकी कुणाचंही घातलं नाही. माझंही नाही.